एकतारी

कुडाळला सोनोग्राफीच्या खोलीत
पोटावर थंडगार जेल फासून
तो मुलगा पडद्याकडे बघतच म्हणाला,
काकी, फॅटी लिव्हर. ग्रेड टू.
म्हणजे रे काय?
यकृतात चरबी.

यकृत म्हणजे काळीजच की,
गफूरच्या दुकानात वजनावर मिळतं ते.
आई चिडली की म्हणायची, चरबी चढलीय तुला.
आता ते कागदावर आलं,
सही-शिक्क्यानिशी.

ह्यांचीही तपासणी केली होती, आलोच आहोत म्हणून.
पंचवीस वर्षं रात्री आठनंतर
हे घरी कसे यायचे ते अख्ख्या वाडीला ठाऊक.
ह्यांचं नॉर्मल.
वेंगुर्ल्याच्या एसटीत दोन्ही रिपोर्ट
ह्यांनी मांडीवर शेजारी शेजारी धरले
आणि शहाण्यासारखे गप्प बसले.

मी उभ्या जन्मात
घोट सोडा, बुचाचा वास घेतला नाही.
तरी गडग्यापलीकडून सुमित्रा विचारते,
"लिव्हर? तुझं?"
आणि "तुझं"वर जरा जास्तच थांबते.

मी काय घेतलं ते मला माहीत आहे.
तेवीस उन्हाळे कोकम सरबताचे.
पाक ढवळायचा, दोन बोटांत तार बघायची,
मग चमचा तोंडात.
टोपामागून टोप, दिवसभर.
गोडी मोजायचं यंत्र म्हणजे माझी जीभ.
(दुपारचा भाताचा डोंगर
आणि त्यावरची झोप, तीही लिहा.)
इतकी साखर कुठे गेली,
कुणी हिशोब मागितला नव्हता.
काळजाने ठेवला होता.

म्हापणकरांच्या मेडिकलात हेमांगने
काउंटरवर डब्यांची रांग लावली:
मिल्क थिसल, ग्रीन टीचा अर्क, हळदीच्या कॅप्सूल,
व्हिटॅमिन ई, माशाचं तेल.
काकी, कोर्स पुरा करा, लिव्हर धुऊन निघेल.
जसं काही करपलेलं पातेलंच.

मी एकच डबा घेतला, माशाच्या तेलाचा.
आठशे रुपये.
घरी येऊन एक गोळी सुईने टोचली.
तारल्यांचा वास.
मांजर जवळ आली, हुंगली,
आणि मला कुणीतरी फसवलंय
अशा नजरेने निघून गेली.
दारात जोकिना पाटी टेकवून ओरडत होती,
तारले घेतस काय गो, ताजे फडफडीत!

केरकर डॉक्टरीणबाईंनी
डब्यांची यादी वाचून पालथी ठेवली.
हळद आमटीत घाला, कॅप्सूल नको.
असल्या अर्कांनी बरं लिव्हर बिघडलेले
माझ्याकडे येऊन गेलेत.
व्हिटॅमिन ई मी सांगेन तेव्हा. सांगितलं तर.
मासे खा, तळू नका.
भात निम्मा. रोज चाला. आणि साखर...
तुम्ही करता काय?
सरबत, म्हटलं.
त्यांच्या खिडकीत माझीच बाटली होती,
अर्धी संपलेली.
आम्ही दोघींनीही तिकडे बघितलं नाही.

तेव्हापासून नाचणीची भाकरी, कुळथाची पिठी,
तारल्यांचं तिखलं, तेल मोजून.
बिनसाखरेची काळी कॉफी,
जी अजून काढ्यासारखीच गिळते.
पहाटे बंदरापर्यंत जाऊन यायचं.
हे मागे चार पावलं, धापा टाकत,
नॉर्मल माणूस.
सहा महिन्यांत साडेचार किलो उतरले.
ब्लाउज सैल झाले, सुमित्राने तेही बघितलं.
पुढची तपासणी गणपतीनंतर.

मे महिना. रातांबे आले, टोप चढला.
चमचा आता ह्यांच्या हातात.
बरोबर आहे?
अजून थोडी घाल, म्हणतात हे.
ह्यांना गोडातलं काय कळतंय!
मी पाकाचा थेंब दोन बोटांत धरते,
बोटं हळूच लांब करते.
एकतारी. तुटत नाही.

तेवीस वर्षांची सवय, हात आपसूक वर येतो.
चिकट बोट तोंडापासून दूर धरून
न्हाणीपर्यंत चालत जाते.
चुलीपासून न्हाणी इतकी लांब आहे
हे आजवर माहीत नव्हतं.